अब्बांजवळ उरलेला शब्द

उमरखेडच्या जुन्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं आणि मोटर फिरवून मालकाला दाखवायची, हे काम अब्बा माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच आमचं स्वयंपाकघर. घरात आम्ही तिघंच, अब्बा, अम्मी आणि मी. भाजीला फोडणी पडली तरी घरभर वास वॉर्निशचाच असायचा.

दुकानात दिवसभर एकच शब्द सारखा कानावर पडायचा. लाईन. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून नमस्काराच्या जागी "लाईन आली का?" असं विचारायचा. खांबावर चढणारा तो लाईनमन. मोटर घेऊन आलेला शेतकरी सांगायचा, "मिस्तरी, तीनातली एक लाईन कमी येऊन राह्यली होती, म्हनूनच जळली." कापूस विकायला निघालेला दुसरा सांगायचा की बाजार समितीबाहेर गाड्यांची लाईन लागली आहे, उद्यापर्यंत काही नंबर येत नाही. बोळातली पोरं कॉलेजच्या पोरींवर लाईन मारायची, आणि त्यांतलं कोणी दुकानापुढं रेंगाळलं की अब्बा हातातला पाना दाखवून म्हणायचे, "लाइन पे आ जा, बेटा." कुठून माझ्यासाठी स्थळ आलं की अम्मीचा पहिला प्रश्न ठरलेला, "लड़का किस लाइन में है?"

घरात आम्ही आमची उर्दूमिश्रित हिंदी बोलायचो, आणि दुकानात शिरलं की वऱ्हाडी. हा शब्द मात्र दोन्हीकडे सारखाच चालायचा.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि गावातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. अब्बांची शाळा सातवीत सुटलेली. माझ्या इंग्रजीचं त्यांना फार कौतुक होतं, आणि कौतुकापेक्षा कुतूहल जास्त. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "ये लाइन का असल माने क्या है गे? दिनभर बोलता रहता हूँ मैं."

"रेघ," मी म्हटलं.

"रेघ तो मालूम है. पन तार को रेघ काहे को बोलते? कतार को काहे को? धंदे को काहे को?"

मलाही ते जाणून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी जाडा कोश उघडला. त्या एका शब्दाला कोशानं कितीतरी रकाने दिले होते. रेघ, रांग, कवितेची ओळ, नटाच्या तोंडचं वाक्य, कपाळावरची सुरकुती, मासे धरायची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, रेल्वेचा रूळ, सैन्याची फळी, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची मालिका. आणि सगळ्यांच्या मुळाशी होतं एक झाड. लॅटिन भाषेत जवसाला लिनम म्हणत. जवसाच्या काडीतून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते लिनन. तो धागा दोन टोकांना धरून ताणला की जे सरळ दिसतं ती लाईन. कपड्याला आतून लावायचं अस्तर, ज्याला आपला शिंपीही लायनिंगच म्हणतो, तेही मुळात त्याच धाग्याच्या कापडाचं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा अब्बांचा घास हातातच राहिला. "जवस? अपना चटनी का जवस?"

"वही."

ते इतके खूश झाले की पुढचा आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी हे ऐकवलं. सगळ्यात आधी ऐकवलं ते फुलसावंगीच्या काकांना. हे काका म्हणजे अब्बांचे तरुणपणापासूनचे दोस्त. फुलसावंगीला त्यांची शेती, कापूस आणि तूर, रब्बीला धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या पट्टीत थोडं जवस. बाजाराच्या दिवशी उमरखेडला आले की दुकानातल्या लाकडी पेटीवर बसून दोन कप चहा प्यायल्याशिवाय ते परत जात नसत. अब्बांना ते मिस्तरी म्हणायचे, अब्बा त्यांना पाटील.

"म्हंजे माह्या वावरात लाईन पिकते म्हना ना!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "अन् मलेच हे लोकं रातची लाईन देतेत!"

पुढच्या बाजाराला ते पिशवीभर जवस घेऊन आले आणि मला म्हणाले, "घे माय, तुह्या इंग्रजीचं बियानं." अम्मीनं ते भाजून, लसूण-मिरची घालून कुटलं. बरेच दिवस पुरलं.

ती बोंडअळीची वर्षं होती. बाहेरून बोंड चांगलं टपोरं दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेला कापूस. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, ढोरं सोडली. कुणी ट्रॅक्टर घालून ती उपटून टाकली. दुकानावर त्याचा परिणाम असा झाला की मोटारी यायच्या, पण दुरुस्त झालेल्या मोटारी न्यायला माणूस फिरकायचा नाही. कुणाची विहीर आटलेली, कुणाच्या शेतात पाणी द्यायला पीकच नाही. भिंतीला लागून मोटारी बसून राहायच्या आणि अब्बा दर शुक्रवारी त्यांच्यावरची धूळ पुसायचे. त्यांच्यात फुलसावंगीच्या काकांचीही मोटर होती, हिरव्या रंगाची. "राहू दे मिस्तरी, विहिरीले पानी आलं का नेतो," असं ते सांगून गेलेले.

त्या दिवसांत सकाळी पेपर आला की अम्मी आधी आत्महत्यांच्या बातम्यांतली गावांची नावं पाहून घ्यायची. ओळखीचं गाव नसलं की मग चहा ठेवायची.

दिवाळीनंतरची सकाळ होती. मी कॉलेजला निघायच्या तयारीत होते. दुकानातून तार गुंडाळायच्या चरकाचा आवाज येत होता, तो थांबला. त्यात विशेष काही नव्हतं, तो नेहमी थांबायचा. पण मग अम्मीची हाक आली, आणि तशी हाक मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. अब्बा स्टुलावरून भिंतीकडे कलले होते. डाव्या हातात तांब्याची तार तशीच धरलेली, उजवा हात लोंबकळलेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. ते आमच्याकडे पाहत होते आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, पण आवाज फुटत नव्हता. शेजारच्यांनी जीप आणली आणि आम्ही त्यांना नांदेडला नेलं.

डॉक्टर समजुतीचे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचला आहे, उजवी बाजू थोडीफार सुधारेल, पण मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला मार बसला आहे. "त्यांना तुमचं सगळं समजतं. त्यांच्या मनात काय आहे तेही त्यांना ठाऊक आहे. फक्त शब्द सापडणार नाहीत," ते म्हणाले.

काही दिवस अब्बा अगदी गप्प होते. मग एका दुपारी अम्मी त्यांचं तोंड पुसत असताना त्यांनी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हटलं, "लाईन."

अम्मी रडायलाच लागली. बोलले म्हणून. मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता. "लाइन है अब्बा, गई नहीं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. नाही, ते नाही. "लाईन," ते पुन्हा म्हणाले आणि डाव्या हातानं घशाकडे खूण केली. मी पाण्याचा कप पुढं केला, ते घटाघटा प्यायले. पिऊन झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "लाईन." बहुधा ते मला 'बस' म्हणाले असतील. किंवा 'शाबास'. मला कळलं नाही.

त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी म्हणजे लाईन, भूक म्हणजे लाईन, अम्मीचं नाव म्हणजे लाईन, माझंही. तोंडातून तोच शब्द बाहेर पडला की ते स्वतःच दचकायचे, चूक झाली अशी मान हलवायचे, डोळे मिटून जोर लावायचे, आणि पुन्हा तोच शब्द यायचा. सुरुवातीला प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नंतर नंतर राग यायला लागला.

घरी आणल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या जुम्म्याला अम्मीनं त्यांना उशांचा टेकू देऊन बसवलं, डोक्यावर टोपी घातली, आणि शेजारी बसून हळू आवाजात कुराणातली एक सूरह पढायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला अब्बांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. सगळी सूरह त्यांनी म्हटली, एकही अक्षर न चुकता. संपल्यावर मी आनंदानं ओरडलेच, "अब्बा! बोलो ना, क्या चाहिए?" त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "लाईन."

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं. पाठ असलेलं मेंदूच्या वेगळ्या वाटेनं येतं. अम्मी एवढंच म्हणाली, "अल्लाह ने अपने हिस्से का रख लिया, हमारे हिस्से का ले गया." त्या वाक्यात तक्रार होती की समाधान, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी शिकवणारी बाई. मी त्यांना शिकवायला बसले. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली, कप, पोळी, संडास, औषध. संध्याकाळी कॉलेजातून आले की ती पत्त्यांसारखी त्यांच्यापुढं मांडायची आणि म्हणायची, "बोलो, पा-नी." ते माझ्या ओठांकडे लहान मुलासारखं पाहायचे. ओठ तसेच करायचे. "लाईन." मी पुन्हा म्हणायची. एका संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं सगळे पुठ्ठे खाली लोटून दिले आणि भिंतीकडे तोंड केलं. अम्मी आतून आली, एकेक पुठ्ठा उचलून मला देत म्हणाली, "उनको पढ़ा मत. बैठ उनके पास."

ती स्वतः तेच करत होती. तिनं त्या एका शब्दाचे सूर ओळखायला शिकून घेतलं. शेवट ओढला की उठवून बसवा. तुटक म्हटला की माशी बसली आहे. दोनदा लागोपाठ म्हणजे दुकानाचं शटर उघडा, मला रस्ता पाहू दे. अगदी हळू, श्वासातून म्हटला की काही नको, नुसती इथं बस. कोशात इतके रकाने वाचूनही मला जे येत नव्हतं ते अम्मी चुलीवरून मान न वळवता ओळखायची. त्या काळात वर्गात तो शब्द आला की मी मुलांकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहायला लागायची.

दुकानाचं शटर आम्ही रोज उघडायचो, काम नसतानाही. अब्बांची खाट पुढं आणून ठेवायचो. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे, तब्येत विचारायचे. हळूहळू मला दिसायला लागलं की काही माणसं नुसती विचारपूस करून जात नाहीत, बसतात. आजूबाजूच्या खेड्यांतली, बाजाराला आलेली, पन्नाशी-साठीची माणसं. इकडे-तिकडे पाहून घेतात, खाटेजवळ सरकतात आणि हलक्या आवाजात बोलायला लागतात. खूप वेळ बोलतात. अब्बा मधूनच म्हणतात, "लाईन." तो माणूस मान डोलवतो, पुढं बोलतो. मग डोळे पुसून, उपरणं झटकून उठतो आणि जातो.

एकदा चहा द्यायला गेले तर एका माणसाच्या तोंडचं अर्धं वाक्य कानावर पडलं, "...घरच्याइले नाही सांगतलं मी, मिस्तरी." मी चहा ठेवून तशीच मागं फिरले. त्या वर्षांत आमच्या भागातल्या पुरुषांकडे सांगण्यासारखं पुष्कळ साचलं होतं आणि सांगायला जागा नव्हती. ज्याच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणं शक्यच नाही असा माणूस त्यांना आमच्या दुकानात सापडला होता. अब्बा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे. संध्याकाळी मात्र फार थकलेले असायचे, आणि अम्मी म्हणायची, "आज बहुत लोगों का सुन लिया इन्होंने."

फुलसावंगीचे काका अर्थातच यायचे. त्यांच्यात आणि अब्बांच्यात काही बदललंच नव्हतं. काका पेटीवर बसायचे, बशीत चहा ओतून अब्बांच्या तोंडाशी धरायचे आणि बोलत राहायचे. अब्बांचं म्हणणं ओळखायचा ते प्रयत्नही करायचे नाहीत.

"यंदा पुन्हा तेच मिस्तरी. वरून बोंड साजरं दिसते, फोडलं का अंदर किडा."

"लाईन."

"हाव ना. मी बी तेच म्हनतो."

असं ते तासभर चालायचं. मला सुरुवातीला वाटायचं काका अब्बांचं मन राखतात. पण मग एकदा पाहिलं, अब्बा हसत होते. आजारानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

हिवाळा संपत आला होता. त्या बाजारच्या दिवशी काका नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले आणि चहा न घेताच गेले. मी घरी आले तेव्हा अब्बा खाटेवर अर्धे उठून बसले होते. "लाईन! लाईन!" त्यांचा आवाज चढलेला. अम्मीचा चेहरा उतरलेला. तिलाही कळत नव्हतं. पाणी नको होतं, संडासला जायचं नव्हतं, दुखत नव्हतं. शटर उघडं होतं. तो सूर तिनं आधी ऐकलेलाच नव्हता. रात्री ते कसेबसे झोपले. सकाळी उठल्या उठल्या पुन्हा तेच. शेवटी त्यांनी डावा हात लांब करून भिंतीकडे, मोटारींच्या रांगेकडे दाखवलं. मी एकेका मोटारीवर हात ठेवत गेले. हिरव्या मोटारीवर हात गेला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "लाईन!"

"ये तो फुलसावंगीवाले भाई की है," अम्मी म्हणाली.

मग अब्बांनी रस्त्याकडे बोट केलं. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला दिसलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. काल काका बराच वेळ बोलले होते, चहा न घेता गेले होते. त्यांचा फोन लावला तर बंद. मी कॉलेजला निरोप धाडला, शेजारच्या ऑटोवाल्याला बोलावलं. मोटर मागं चढवली, अब्बांना दोघींच्या मध्ये बसवलं आणि आम्ही फुलसावंगीला निघालो. वाटभर अम्मी ओठातल्या ओठात पढत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग वाळत पडले होते.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "वावरात गेले." आम्ही ऑटो तसाच शेतरस्त्याला घातला.

काका विहिरीजवळच्या बाभळीखाली बसलेले दिसले. जिवंत. बिडी ओढत. आम्हाला पाहून ते घाईघाईनं उठले. "काहून? काय झालं? मिस्तरी, तू इकडं कायले आला बावा?"

अम्मी ऑटोतच तोंडाला पदर लावून बसली. मी खाली उतरले आणि त्यांना विचारलं, "काका, काल तुम्ही अब्बांना काय सांगितलं?"

त्यांनी बिडी विझवली. "चाललो म्हनलं. पुण्याले. पोरगा तिकडं हाये, त्याच्या बिल्डिंगीत गेटवर मानूस पाहिजे म्हने. बैलं देल्ली. वावर भावाले करायले देल्लं. तुही काकू पह्यलेच तिकडं गेली." त्यांनी अब्बांकडे पाहिलं. "गावात कोनाले सांगतलं नाही. लाज वाटे. फक्त याले सांगतलं."

"लाईन," अब्बा म्हणाले आणि मागच्या मोटरीकडे बोट केलं.

काकांनी मोटर पाहिली. तिच्याजवळ गेले, तिच्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "आता हे कायले आनलं मिस्तरी," ते म्हणाले.

अब्बा ऐकायला तयार नव्हते. मोटर बसवायचीच. विहिरीत त्या वर्षी थोडंफार पाणी होतं. काका आणि ऑटोवाला दोघांनी मिळून मोटर ऑटोतून खाली घेतली, विहिरीच्या काठावर पाइपाला जोडली, तारा लावल्या. अब्बांना आम्ही सतरंजीवर बसवलं होतं, ते तिथून हातानं खुणा करत होते. सगळं झालं तर लाईन नव्हती. त्या आठवड्यात शेतीला दुपारनंतरच्या लाईनची पाळी होती. मग आम्ही सगळे बाभळीखाली लाईनची वाट पाहत बसलो. काकांनी शेजारच्या वावरातून ओल्या तुरीच्या शेंगा आणल्या, अम्मीनं त्या तिथंच काटक्यांवर भाजल्या. काका अब्बांना सोलून देत होते.

दुपार कलल्यावर स्टार्टरचा दिवा लागला. काकांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणली आणि एका सुरात फिरायला लागली. अब्बांनी सरकत पुढं होऊन तिच्या अंगावर डावा तळवा टेकवला. काम पुरं झालेल्या प्रत्येक मोटरीवर ते असाच हात ठेवून बघायचे. पाणी आलं, दांडातून वाहत वावरात शिरलं. वावर रिकामं होतं. पऱ्हाटी उपटलेली, काही पेरलेलं नव्हतं. कोरड्या भेगांत पाणी नुसतं मुरत होतं.

"कोनाले पानी देऊन राह्यलो मिस्तरी आपन?" काका म्हणाले.

अब्बांनी मोटरीवरचा हात काढला नाही. काकांनीही मोटर बंद केली नाही. विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी ओढायला लागेपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून ते वाहणारं पाणी पाहत होते. मग काकांनी बटण बंद केलं, अब्बांना पाठीवर घेऊन ऑटोत बसवलं, आणि ऑटो वळून दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले.

काका पुण्याला गेले. बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. मी फोन अब्बांच्या कानाला लावून धरायची. पलीकडून काका बोलायचे, इथली लिफ्ट, तिथला साहेब, नातवाची शाळा. अब्बा अधूनमधून म्हणायचे, "लाईन." पण फोनवर ते जमत नव्हतं. पलीकडे मधूनच शांतता पसरायची, आणि अब्बा डोळे मिटून घ्यायचे. समोर पेटीवर बसलेला माणूस आणि कानाशी आलेला आवाज यांत फरक होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते दुकानात बसायलाही कंटाळायला लागले. लोक यायचे, खाट रिकामी पाहून परत जायचे.

दुसरा झटका पावसाळ्याच्या शेवटी आला. या वेळी नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टर फार काही बोलले नाहीत. घरी आणल्यावर अब्बा पूर्ण गप्प झाले. तो शब्दही गेला होता. जुम्म्याला अम्मी शेजारी बसून पढायची आणि थांबून त्यांच्या ओठांकडे पाहायची. ओठ हलत नव्हते. मी इतके दिवस त्या शब्दाचा तिरस्कार करत आले होते, कारण त्यानं बाकीच्या सगळ्यांची जागा अडवली होती असं मला वाटायचं. आता मी एकटीच त्यांच्या कानाशी वाकून म्हणायची, "अब्बा, लाइन आई. अब्बा, लाइन गई." एकदा तरी ते म्हणतील म्हणून. एका सकाळी, अम्मी नमाज पढत असताना, ते गेले.

अब्बा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी काका पुण्याहून आले. अंगात निळी पँट, पायात काळे बूट, डोक्यावर काही नाही. गावात फेटा बांधणारा माणूस, मी क्षणभर ओळखलंच नाही. जेवले, आणि मग दुकानात येऊन उभे राहिले. दुकान आम्ही तोवर रिकामं केलं होतं. ज्यांचे मालक सापडले त्या मोटारी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या, बाकीच्या गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे दिल्या. पेटी होती. ते तिच्यावर बसले नाहीत.

"तिकडं दिवसभर येनाऱ्या-जानाऱ्याले सलाम करा लागते," ते म्हणाले. "पन बोलत कोनी नाही, माय."

"गावात परत या ना, काका."

"आता गावात बी कोन हाये बोलाले?"

अम्मीनं त्यांच्याबरोबर त्यांच्या पोरासाठी लाडू बांधून दिले. मी बसपर्यंत सोडायला गेले. बस आली तेव्हा गर्दी होती. मला काहीतरी सांगायचं होतं, पण ते चढून गेले.

घरी आता आम्ही दोघीच. इतके दिवस अम्मीनं एका शब्दातून सगळं ओळखलं, ती सवय तिची गेलेली नाही. मी कॉलेजातून येते, चप्पल काढते, आणि भूक लागली म्हणायच्या आत ती ताट वाढायला उठलेली असते. डोकं दुखत असलं की न सांगता बाम आणून ठेवते. कुणी भेटायला आलं तर त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तिचं उत्तर तयार असतं, आणि तो माणूस थोडा गोंधळतो. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसते. तिला काही सांगावं म्हणून तोंड उघडते. ती माझ्याकडे पाहते आणि हळूच म्हणते, "हाँ." मग मला सांगायचं असतं ते तसंच राहून जातं.